नाव माझं मशुल्लाम

…मेर्काडोकाका या, मेर्काडोकाका बसा, रब्बी तेच म्हणतो, न्हावी तेच म्हणतो, आणि मी मुकाट्यानं बसतो, पण तुम्हाला सांगतो, नाव माझं मशुल्लाम.

आजोबांचं नाव हो. त्यांना पाच मुलगे, आणि आमच्या मोनास्तिर गावच्या यहुद्यांत प्रत्येक मुलगा आपल्या थोरल्याला आजोबांचं नाव देतो ते आजोबा हयात असतानाच, त्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून… मग काय, एका अंगणात पाच मशुल्लाम! आजी भट्टीतून बोरेका, म्हणजे चीज भरलेल्या करंज्या, काढून एकच हाक मारायची आणि आम्ही पाचही धावायचो, सहावे आजोबा. पवित्र पुस्तकात तरी काय वेगळं? मशुल्लाम बारा-पंधरा, पण राजा एक नाही, लढवय्या एक नाही. एकानं आपल्या खोलीसमोरची भिंत नीट केली, एक कुणाच्या तरी डाव्या हाताला उभा राहिला, झालं. आजोबा तेवढंच बोट ठेवून वाचून दाखवायचे आणि डोळे पुसायचे.

सहाव्या वर्षी मला घटसर्प झाला. हकिमानं हात टेकले, तेव्हा आईनं आमच्याकडे करतात तेच केलं, मला विकलं. शेजारच्या जोयामावशीनं एक नाणं दिलं, मला उचलून आपल्या घरी नेलं आणि नाव ठेवलं मेर्काडो, म्हणजे विकत घेतलेला. मृत्यूचा दूत आला तर सांगायचं, मशुल्लाम इथं राहतच नाही. आता अंगणात चार मशुल्लाम उघड्यावर खेळतायत, त्यांचं काय, हे कुणाला सुचलं नाही! बरं, मी वाचलो. लग्नाआधी आईबापांनी मुलाला परत विकत घ्यायचं असतं, पण आई म्हणायची, अजून खोकतोय, पुढच्या वर्षी बघू… असं करत माझं लग्न झालं, आई गेली, जोयामावशी गेली, मी विकलेलाच राहिलो. ते चौघे बोटीत बसून अमेरिकेत, अर्जेंटिनात, कुठं कुठं गेले. त्यांची पत्रंही थांबली. अख्ख्या गावात एकच उरला, तोही दुसऱ्याच नावानं. नाव माझं मशुल्लाम, पण हाक कोण मारणार?

आणि गेल्या आठवड्यात नातू झाला. पहिला. परवा त्याची सुंता झाली, नाव तेव्हाच ठेवतात. तर त्याआधी माझा मुलगा निसिम विचारतो, "बाबा, नाव काय सांगू?" अगदी ओठांवर आलं होतं… पण माझ्याकडे नसलेलं नाव मी देऊ कसं? रब्बी म्हणाला, आधी स्वतःला सोडवून आणा. म्हणून गेलो एस्त्रेयाकडे. जोयामावशीची मुलगी, एकटीच असते, मालकी आता तिची.

म्हटलं, "एस्त्रेया, मला परत वीक."

तिनं कॉफी ठेवली. ढवळता ढवळता विचारलं,

"दर शुक्रवारी माझ्याकडे का येतोस रे?"

"भाऊ म्हणून."

"आणि विकल्यावर?"

म्हटलं, तरी येईन की.

"शेजारी म्हणून येशील," ती म्हणाली. "शेजारी मला पुष्कळ आहेत."

कॉफी प्यालो, घरी आलो, निसिमला म्हटलं, मेर्काडो ठेव. तो म्हणाला, बाबा, याला तर कुणी विकलेलंच नाही. म्हटलं, नसू दे.

सुंता झाली तेव्हापासून एस्त्रेया आमच्याकडेच आहे. बाळ मांडीवर, उठायचं नाव नाही. म्हणते, भाऊ माझा, म्हणजे नातूही माझाच… मी अजून त्याला हातात घेतलेलं नाही.