पडद्याची चेन

रस्त्यावरून धावत येऊन थेट तळ्यात उतरणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि त्यांची सून उभ्या होत्या. दारात तिकीट तपासणारा होता.

"अहो भाऊ, खिडक्यांना हे प्लास्टिकचे पडदे कशाला?"

"पाणी उडतं ना, आजी. लोकांचे कपडे भिजतात."

"आणि त्यांची चेन बाहेरून?"

"आम्हीच लावतो बाहेरून. तुम्हाला उगाच त्रास नको."

"फारच काळजी हो तुम्हाला! बस बुडायला लागली तर आतल्या माणसानं उघडायचं कसं?"

"आई, हळू बोला ना. लोक बघताहेत."

"बघू देत! कपडे भिजू नयेत म्हणून माणसं कोंडताहेत हे. लाइफ जॅकेटं कुठं आहेत?"

"वर, जाळीत बांधलीत. लागली तर देतो."

"लागली तर? तहान लागल्यावर विहीर खणणारे पाहिले होते बाई, बुडाल्यावर जॅकेटं वाटणारे आजच पाहिले!"

"आजी, इतक्या वर्षांत कधी काही झालेलं नाही. आणि आमचा ड्रायव्हर पट्टीचा पोहणारा आहे."

"तो पुढं बसलाय, तोच ना?"

"हो, तोच."

"मग त्यानं का जॅकेट घातलंय? आणि त्याच्या एकट्याच्याच खिडकीचा पडदा का गुंडाळून ठेवलाय?"

तिकीट तपासणारा हातातली तिकिटं मोजू लागला.

"बोला की आता!"

"आजी, तुम्हाला यायचं नसेल तर बाजूला व्हा. चला, पुढचे कोण?"

पुढचा मीच होतो.