पट्ट्यावरचं विमान

तेव्हा अक्कल कुठे गहाण ठेवली होती देव जाणे. अंधेरीच्या आमच्या चाळीत शेजारचे नाना गेले. अग्नी द्यायला थोरला मुलगा सुधीर मस्कतहून यायचा होता, म्हणून त्यांना मासळीवाल्यांकडच्या बर्फावर ठेवलेलं. आम्ही बाहेर बसून. वेळ जाईना, तर दत्तूने कोडं घातलं.

‘विमान सरकत्या पट्ट्यावर ठेवलं. ते जेवढं पुढे, पट्टा तेवढाच मागे. उडेल?’

‘जागचं हलणार नाही,’ मी म्हणालो.

‘येड्या, विमानाला चाकं ढकलत नाहीत, इंजिन ढकलतं! उडणारच!’

आवाज चढले. काकू दारात आल्या.

‘ते उडेल नाहीतर राहील रे. आमच्या सुधीरचं निघालं का, तेवढं कुणीतरी वाण्याच्या फोनवरून विचारा. बर्फाची ही शेवटची लादी आहे.’