इंग्लंडची सोळा पोरं आणि मांजर्लीची भिंत

...बसवलं हो माणसाला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं! आणि कुणाला, तर महेंद्रला! तुम्हाला सांगतो, बदलापुरात वीस वर्षं रंगकाम करणारा माणूस, सोनिवलीच्या नव्या टॉवरांतले निम्मे हॉल त्याच्या हातचे, आणि त्याच्याच वस्तीत, मांजर्लीच्या विहारामागच्या अभ्यासिकेत, त्याच्या डोळ्यांदेखत इंग्लंडहून आलेली सोळा पोरं भिंत रंगवणार, आणि ह्याने काय करायचं? बसायचं! अहो, माणसाने बसून बसून बसायचं तरी किती?

आता ही पोरं आली कशी? तर तिकडच्या कुठल्याशा शाळेची सहल. आपली पोरं सहलीला वॉटर पार्कला जातात, ही परदेशातल्या गरीब वस्त्यांत सेवा करायला जातात, आठ दिवस, टोप्या घालून! त्यांना घेऊन आली एका संस्थेची सोनिया मॅडम, आणि विहार कमिटीचे भीमराव काका लगेच हो म्हणाले. महेंद्र म्हणाला, "काका, मी रविवारी फुकट करून देतो की!" तर काका म्हणतात, "अरे, सहा महिने झाले, तू रविवारच सांगतोयस!" ...ते खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

त्यात पायल. महेंद्रची पोरगी, बारावीला, पेपर दहा दिवसांवर. घरात एकच खोली, त्यात टीव्ही, पाहुणे, शेजारच्यांचा मिक्सर, म्हणून अभ्यास अभ्यासिकेत, आणि तीच बंद! रोज आपलं, "पप्पा, कधी संपणार हे?" पप्पा काय सांगणार? पप्पा खुर्चीवर!

पहिल्या दिवशी पोरांनी बादली उघडली आणि थेट रंग. थेट! जुलैत त्या खोलीत उल्हास नदीचं पाणी कमरेएवढं आलेलं, भिंत अजून आतून ओली, पोपडे सुटलेले... खरवडणं नाही, प्रायमर नाही, पोपड्यांवरच निळा रंग! महेंद्रचे पाय खुर्चीखाली टकटक टकटक. शेवटी उठला, "मॅडम, हे पडणार." मॅडम एकदम गोड आवाजात, "सर प्लीज, मुलांना त्यांचं त्यांचं करू द्या ना. तुम्ही बेनिफिशरी, म्हणजे लाभार्थी आहात, तुम्ही फक्त एन्जॉय करा!" एन्जॉय! आणि हातात चहाचा कप. दुसऱ्या दिवशी ह्याने भिंतीकडे पाठ करून खुर्ची मांडली, तर आवाजावरून कळतंय ना, ब्रश कोरडा मारतायत! माणसाने बसून बसून बसायचं तरी किती?

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं, तर अर्धा रंग जमिनीवर! पापडासारखे निळे पापुद्रे. उन्हाने नाक सोललेली हॅना नावाची एक पोरगी, ती तर हमसून हमसून रडायला लागली आणि इंग्रजीत काय काय बोलायला लागली. पायल पुस्तकं घेऊन दारात, खोली उघडली का बघायला आलेली; महेंद्रने तिला विचारलं, "काय म्हणतेय गं?"

"पप्पा, ती म्हणतेय, आम्ही ह्यांची खोली खराब केली. पहिल्या दिवसापासून कळत होतं आपल्याला येत नाही, पण आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

आता आली का पंचाईत! तीन दिवस धुमसणारा माणूस, आणि समोरची पोरगी सरळ कबूलच करतेय... राग ठेवायचा कुठे? महेंद्रने खुर्ची उचलली, दाराबाहेर ठेवली. सोनिया मॅडम, "सर, सर..." "मॅडम, आता तुम्ही बसा!" आणि खरवडायची पट्टी दिली हॅनाच्या हातात. "घासो! ऊपर से नीचे! ताकद नही है क्या? नाश्ता किया ना?" पायल शेजारी उभी राहून सगळं इंग्रजीत सांगतेय, शिव्या गाळून! दोन दिवस नुसतं खरवडणं, मग दारं-खिडक्या सताड उघडून, पंखे लावून वाळवणं, मग प्रायमर, पुट्टी, पॉलिश पेपर, सोळाच्या सोळा पोरं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, आणि बोलून बोलून पायलचा इंग्रजीचा पेपर तिथेच तयार! शेवटी सोनिया मॅडमच बाहेरून ओरडली, "सर, मलाही काहीतरी द्या ना, माणसाने बसून बसून बसायचं तरी किती!"

आठव्या दिवशी छताजवळची शेवटची रेघ हॅनाने मारली, टेप न लावता, आणि खाली शिडी धरून महेंद्र, श्वास रोखून. ती उतरली. त्याने मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे." तुम्हाला सांगतो, वीस वर्षांत सख्ख्या भावाच्या कामाला तो कधी ठीक म्हणाला नव्हता! पायलने ते इंग्रजीत सांगितलं आणि हॅना परत रडली.

मग निरोप, हारतुरे, भाषणं, सर्टिफिकेटं. महेंद्रलाही एक, चांगलं काचेच्या फ्रेममध्ये. पायलने मोठ्याने वाचलं, 'विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनाखाली रंगकामात सहभाग घेतल्याबद्दल'! मार्गदर्शन! विद्यार्थ्यांचं! महेंद्रने नुसते डोळे मिटले.

भीमराव काका म्हणाले, "अरे, जाऊ दे ना. इथेच लाव की, समोरच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल."

महेंद्रने फ्रेमकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं.

"काका, खिळा मारायचा? ह्या भिंतीला?"

...कपाटामागे उभी आहे फ्रेम, अजून.