प्रणय भोईर याच्या डोक्याला लागलेल्या माराबाबत

मी, इंदुबाई बबन भोईर, वय ५१ वर्षे, धंदा भाजीविक्री, राहणार मुर्धा गाव, भाईंदर पश्चिम, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी मुलगा प्रणय, वय २२ वर्षे, याच्यासह राहत होते. पती वारले आहेत. आता मी एकटीच राहते.

प्रणय गावच्या मंडळातून कबड्डी खेळायचा. मंडळाचे प्रशिक्षक दाजी भोईर हे माझे चुलत दीर. गेल्या पंधरवड्यात, मे २००६ मध्ये, शेजारच्या गावी पासष्ट किलो वजनगटाचे सामने होते. प्रणयचे वजन जास्त भरत होते. अशा वेळी मंडळाची मुले आदल्या दिवसापासून पाणी बंद करतात, स्वेटर घालून मिठागराच्या बांधावर भर उन्हात धावतात, तहान लागली की नुसती चूळ भरून थुंकतात. वजन झाल्यावर कोणी ना कोणी झोकांड्या खातो, बाकीचे हसतात, लिंबू-साखरेचे पाणी पाजतात. दरवर्षीचेच आहे. मी बोलले की दाजी म्हणायचे, वयनी, तुमचं काय जातंय. माझंच जात होतं.

पहिल्याच सामन्यात चढाई करणाऱ्याला पकडताना त्याचा गुडघा प्रणयच्या कानशिलावर बसला. प्रणय पडला, उठला आणि समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. लोक हसले. त्याला बाहेर बसवले, तिथे तो ओकला. मी बायकांतून उठून गेले. मला पाहून तो म्हणाला, "मावशी, तुम्ही कोणाकडं आलात?"

मी दाजींना म्हटले, डोक्याला लागलंय, डॉक्टरकडे न्या. ते म्हणाले, "वयनी, पानी कमी झालंय, दुसरा काय न्हाय." मी म्हटले, तहानलेला माणूस पाणी मागतो, आईला मावशी म्हणत नाही. माझ्या बाजूने कोणी बोलले नाही. पाणी पाजून त्याला परत उतरवले. पुढच्याच पकडीत तो पुन्हा आपटला, तो उठलाच नाही. डोक्याला मार लागून तो इस्पितळात तिसऱ्या दिवशी मयत झाला. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झाला होता, पहिल्या मारानंतर खेळवायला नको होते.

ज्याचा गुडघा लागला त्या मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही. खेळात लागते. दाजींविरुद्ध आहे. मंडळाचे म्हणणे, उन्हाने चक्कर येऊन पडला असे सांगा, पोरगा काही परत येणार नाही. ते मला ठाऊक आहे. घर खायला उठते. साहेब म्हणतात, याचा तपासाशी संबंध नाही. तरी लिहावे. मी असा जबाब दिला तर उद्या दहाव्याला गावातले कोणी येणार नाही, असा निरोप आला आहे. न येवोत. तो पडला तेव्हा सगळेच होते.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एका जागी "उन्हाने चक्कर येऊन" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "डोक्याला मार लागून" असे केले आहे. खाडाखोडीजवळ माझा अंगठा आहे. बाकी मी सांगितले तसेच आहे.