एमजी, ट्रायम्फ आणि खंडेनवमी

सन्माननीय अध्यक्ष राधाकृष्णभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती गहिनीनाथ मिस्त्री आणि माझ्या बेलापूरकर बंधुभगिनींनो,

मिस्त्री उद्या गॅरेज बंद करून आपल्या गावी, जामखेडला निघाले आहेत. त्यांच्या कारागिरीवर मी चार शब्द बोलावेत, अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. मोटारींचा विषय निघाला की मला आवरावं लागतं, हे आपण जाणताच.

आमच्या घरी दोन स्पोर्ट्स गाड्या होत्या. माझी एमजी पस्तीस सालची, नगरच्या लष्करातला गोरा साहेब जाताना विकून गेला ती. धाकट्या बन्सीची ट्रायम्फ बासष्टची. एमजीचे ब्रेक तारेवर, ट्रायम्फचे तेलावर. एमजीत बसलं की रस्त्यातला खडा न् खडा पाठीला कळतो, चाळीसच्या पुढे ती म्हातारीसारखी कुरकुरते. ट्रायम्फ साठलाही गप्प. श्रेष्ठ कोणती? या वादात आम्हा भावांची कितीतरी जेवणं गार झाली. मिस्त्री म्हणायचे, "जुनी बोलून दाखविती, नवी पोटात ठिवती."

चौसष्टच्या खंडेनवमीला ट्रायम्फ मिस्त्रींकडे होती. सकाळी मी गेलो, तर पाने-हातोड्या हळदीकुंकू लावून पाटावर मांडलेल्या. मिस्त्री मला म्हणाले, "काकासाहेब, हत्यारं पूजेला बसली. ब्रेकचं काम अर्धं ऱ्हायलंय, तेल झिरपतंय. उद्या दसऱ्याला पूजा उतरली की करतो. आज गाडी हलवू नका."

मी गाडी हळूहळू घरी आणली. आम्हा दोघा भावांची त्या दिवशीची शर्यत आधीच ठरली होती आणि मला दम निघत नव्हता. बन्सीने विचारलं, "दादा, मिस्त्री काय म्हणाले?" मी म्हणालो, "काही नाही. चल."

पुलाच्या वळणाआधी तो माझ्या पुढे गेला. त्याने हात वर केला. मला वाटलं, चिडवतोय. मीही हात हलवला.

पुढचं, पुलाखाली बन्सी कसा सापडला ते, आपल्याला ठाऊक आहे. गाव म्हणालं, मिस्त्रींनी ब्रेक नीट बसवले नाहीत. मी ऐकून घेतलं. मिस्त्रींनीही कधी तोंड उघडलं नाही. आठ वर्षं गावाने त्यांना इंजिनं दिली, ब्रेकचं काम कुणी दिलं नाही. म्हणून ते गाव सोडून चाललेत, वयामुळे नव्हे.

एमजी अजून चालवतो. पुलाजवळ मागून ट्रायम्फचा आवाज येतो. आरशात बघतो, रस्ता मोकळा असतो. मला फार भीती वाटते, मंडळी.

आई, तू समोरच बसली आहेस. आठ वर्षं तू मिस्त्रींच्या घरचं पाणी घेतलं नाहीस. सोडायचं होतं ते माझ्या हातचं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेने उदार मनाने पोटात घालावं. बाकीची माफी सभेने देऊ नये. ती द्यायची की नाही, हे मिस्त्रींनी ठरवावं.