इटलीपर्यंत ठीक होतं

नागसेन : इटलीपर्यंत ठीक होतं गं, संघमित्रा! मध्येच माझे आजोबा कुठून उपटले?

संघमित्रा : पप्पा, हिस्ट्रीच्या स्पीचमध्ये आपल्या फॅमिलीशी कनेक्शन दाखवायचंय. मिसनी सांगितलंय.

नागसेन : मग दाखव की! तुझा बाप वेलिंग्टनमध्ये इंजिनिअर आहे, ते सांग.

संघमित्रा : त्याचा इटलीतल्या ज्यूंशी काय संबंध? साडेचारशे वर्षांपूर्वी पोपच्या राज्यातल्या छोट्या गावांत त्यांना नवे कपडे विकायला बंदी होती. लोकांचे जुने घ्यायचे, ठीकठाक करून विकायचे, बस. वर डोक्यावर पिवळी टोपी, लांबूनच कळावं म्हणून. आणि आपले पणजोबा गावातली मेलेली जनावरं ओढायचे. सेमच आहे ना?

नागसेन : सेम कसलं, डोंबल! आणि हे उद्या जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये, सगळ्या पालकांसमोर? रणजित आणि अस्मिता येणार, त्यांची आरुषी तुझ्याच वर्गात. दोन दिवसांत अख्ख्या मराठी मंडळात होईल. इतकी वर्षं मी तिथे चकार शब्द काढला नाही!

संघमित्रा : पप्पा, सीरियसली? तुमचं नाव नागसेन. माझं संघमित्रा. त्यांना कळलं नसेल?

नागसेन : नावावरून कोणी... सरिता, सांग ना हिला काहीतरी!

सरिता : काय सांगू, कप्पाळ? पहिल्याच गणपतीत अस्मितानं मला आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. आपल्या लोकांना ओळखायला टोपी लागत नाही.

नागसेन : आणि हे तू मला आत्ता सांगतेस?

सरिता : तुम्ही इतक्या मेहनतीनं लपवत होतात. मलाच वाईट वाटायचं.

नागसेन : म्हणजे झाकली मूठ मी एकटाच धरून बसलो होतो! धन्य आहे. धन्य आहे माझी.

संघमित्रा : मग स्पीचमधून काढू का पणजोबांना?

सरिता : अहो, पोरगी विचारतेय.

नागसेन : ...नुसतं पणजोबा काय म्हणतेस? नाव होतं त्यांना. धोंडिबा. नीट घे.

संघमित्रा : ओके.

नागसेन : आणि त्या रबरी चपला, ते जॅन्डल्स, घालून स्टेजवर जाऊ नकोस.

संघमित्रा : पप्पा, सगळेच घालतात! इथे कोणी बघत नाही पायांकडे.

नागसेन : गावातून जाताना आजोबांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागायच्या. तू बूट घाल.