उस्मानचा दाखला

उस्मान पिंजारी म्हणजे आमच्या गोरेगावातला माझा जिवाचा दोस्त. निजामाचा काळ होता. हैदराबादच्या बागेत वाघ-अस्वलं सांभाळायला माणसं घेतात, असं त्यानं कुठंतरी ऐकलं आन् कापूस पिंजायचं सोडून एका म्हाताऱ्या दरवेश्याच्या मागं फिरू लागला. दरवेश्याकडं एक अस्वल होतं.

एकदा दरवेशी तापानं आडवा झाला. अस्वल दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना. जवळ जाईल त्याच्या अंगावर धावून येई. लोक म्हणाले, "साखळी तुटली तर जीव घेईल कुणाचा. बंदूक आणा."

उस्मान म्हणाला, "सांजपर्यंत थांबा."

तो सरळ अस्वलाच्या टप्प्यात गेला, त्याच्याकडं पाठ करून बसला आन् स्वतःच भाकर खाऊ लागला. मी लांबूनच म्हणलं, "अरे, त्याच्याकडं तोंड तरी कर."

"ते लाजून राहिलं," तो हळूच म्हणाला. "अनोळखी माणसानं टक लावल्यावर तू तरी जेवतो का?"

ऊन कललं तसं अस्वल आलं, त्याच्या खांद्यावरून मान घातली आन् उरलेली भाकर खाल्ली.

दरवेशी बरा झाला, पण गावोगाव फिरायची ताकद काही राहिली न्हाई. "बेटा, आता हे तुझंच," म्हणाला.

उस्मान अस्वलाला घेऊन पायी हैदराबादला गेला. बागेतल्या साहेबानं विचारलं, "जनावरं सांभाळता येतात, याचा काही दाखला आणलास का?"

"व्हय साहेब. बाहेर लिंबाला बांधून आलो."

साहेबानं दोघांनाही ठेवून घेतलं.